विमानाचा क्लीनर

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही नीळकंठराव उमरीकरांची आयुष्यभराची अडचण होती. जिवंत भावाशी वाटणी करता येते, बोलणं टाकता येतं, फारच झालं तर कोर्टात जाता येतं. पण त्यांचा थोरला भाऊ दिगंबर एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईत, सत्ताविसाव्या वर्षी गेला आणि बैठकीच्या भिंतीवर हवाई दलाची टोपी घालून जो बसला तो बसलाच. नीळकंठरावांचे केस गेले, दाढा गेल्या, सब-रजिस्ट्रार कचेरीतली नोकरी सरून पेन्शन सुरू झाली. हा पठ्ठ्या आपला सत्तावीसचाच.

त्यांच्या निरोप समारंभात साहेब दहा मिनिटं बोलले, त्यातली सात दिगंबरवर. मुलाचा, साकेतचा, जन्म झाला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीतून पहिली बातमी बाहेर आली ती 'नाक काकाचं आहे' ही. गावात ओळख करून देतानाही 'हे आपल्या शहीद दिगंबररावांचे बंधू' असंच. बंधूंना स्वतःचं नाव आहे हे लोकांना फक्त लाइट बिल आलं की आठवे.

हे सगळंही त्यांनी गिळलं असतं. पण शोभा गिळता येत नव्हती.

शोभाचा साखरपुडा आधी दिगंबरशी झाला होता. एकाहत्तरच्या सप्टेंबरात. तीन महिन्यांनी तो गेला, आणि वर्ष लोटल्यावर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी जुळलेली सोयरीक मोडायची कशाला म्हणून तिला नीळकंठला दिली. पंगतीतला एक जण उठून गेला की वाढलेलं ताट शेजारच्यापुढं सरकवतात, तसं. पांढरकवड्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. कोणी बोलत नव्हतं म्हणूनच ती नीळकंठरावांना जास्त ऐकू येई.

शोभाबाईही कधी बोलल्या नाहीत. दरवर्षी दिगंबरच्या पुण्यतिथीला त्या फोटोची काच पदरानं पुसत आणि हार बदलत. काच पुसायला त्यांना किती वेळ लागतो, हे नीळकंठराव पेपराआडून बघत बसत. जरा जास्त लागला की त्या दिवशी भाजीत मीठ कमी निघे, चहा थंड निघे, धोब्यानं सदरा जाळलेला निघे. पस्तीस वर्षांत बाईंनी दिगंबरचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, आणि नीळकंठरावांना वाटे, विसरलेल्या माणसाचं नाव कोणीही सहज घेतं. न घेणाऱ्याच्याच मनात ते असतं.

सन दोन हजार सहाच्या दिवाळीत कोट्टायमहून एक पत्र आलं. विंग कमांडर मथाई, निवृत्त. 'ते विमान मी चालवत होतो. दिगंबर माझा को-पायलट. आता माझं वय झालं. एकदा त्याच्या माणसांना भेटून त्या दिवसाची हकिकत सांगायची आहे. आधीच यायला हवं होतं, पण त्याच्या आईसमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही.' पत्र शोभाबाईंनी फोडलं म्हणून ते घराला कळलं. नीळकंठरावांच्या हाती पडलं असतं तर ते चुलीत गेलं असतं, हे आपलं सरळ सांगून टाकतो.

पत्राची गोष्ट नगराध्यक्ष पुंडलिकरावांच्या कानावर गेली आणि त्यांनी ती उचलूनच धरली. ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. जिनिंग बंद पडत होत्या, पुढारी गावात येत ते फक्त गळफास घेतलेल्या कोणा शेतकऱ्याच्या ओट्यावर मान खाली घालून बसायला. पुंडलिकरावांना एक तरी असा कार्यक्रम हवा होता, ज्यात हार घालता येईल आणि टाळ्या वाजवता येतील. हायवेवरच्या चौकाला दिगंबरचं नाव द्यायचं आणि पाटीचं अनावरण मथाईसाहेबांच्या हस्ते करायचं, असं ठरलं.

चौक कोणता? तर नेमका मोहिउद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजसमोरचा.

नीळकंठरावांची झोप त्या दिवसापासून उडाली. खाई त्याला खवखवे म्हणतात. आता त्यांनी काय खाल्लं होतं, ते सांगायला हवं.

एकाहत्तरच्या सप्टेंबरात दिगंबर साखरपुड्यासाठी आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता. तो चार इंजिनांच्या मोठ्या मालवाहू विमानावर होता. पुढं लढाईत याच विमानांच्या पोटात बॉम्ब भरून त्यांना बॉम्बर केलं गेलं, पण तेव्हा ते कोणाला माहीत नव्हतं. विमानात डावीकडे मुख्य वैमानिक बसे आणि उजवीकडे दुसरा. दिगंबर उजवीकडचा. तोही पुरता वैमानिकच, वेळ पडली तर एकट्यानं विमान उतरवेल असा. पण गावाला हे कोण समजावणार? पांढरकवडा म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. इथं गाडी म्हणजे ट्रक, आणि ट्रकात माणसं दोनच जातीची. ड्रायव्हर आणि क्लीनर.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी दोघं भाऊ मुलीकडच्यांना उतरवून घ्यायला गेले. शोभा जीपमधून उतरली, दिगंबर हळूच काहीतरी बोलला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. बस्स, एवढंच. नीळकंठ मागं तिची ट्रंक घेऊन उभा होता. पंचवीस वर्षांच्या पोराच्या छातीत तेव्हा जे पेटलं, ते साठीतही विझलं नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही शाबूत होता.

दुपारी तो मोहिउद्दीनच्या गॅरेजवर गेला. मोहिउद्दीन दिगंबरचा शाळेपासूनचा जिगरी, उमरीकरांच्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठ खाणारा. तिथं चार ड्रायव्हर चहा पीत होते आणि दिगंबरचंच कौतुक चाललं होतं. "आपल्या गावचा पोट्टा विमान चालवते, लेकहो!" एक जण म्हणाला.

"चालवते दुसराच," नीळकंठ म्हणाला. "दिगू बाजूले बसते. विमानाचा क्लीनर समजा."

पत्रे हलतील एवढं हसले लोक. हसला नाही तो मोहिउद्दीन.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या पंगतीत दारव्ह्याचे बाबाराव, शोभाचे मामा, भर वरणभातावर गरजले, "काय हो व्याही, पोरगी आम्ही पायलटले देऊन राह्यलो का क्लीनरले? गावात तं काही वेगळंच ऐकू येते!" आईनं तुपाची वाटी खाली ठेवली. दिगंबर हसला खरा, पण कान लाल झाले होते. शोभा मान खाली घालून बसली ती पान संपेपर्यंत तशीच, आणि पान काही संपलं नाही.

संध्याकाळी आईनं दोघा मुलांना समोर घेतलं. "कोण बोललं हे?"

"मोहिउद्दीनच्या गॅरेजवर चालू हाय," नीळकंठ म्हणाला.

शब्दन् शब्द खरा होता. आईनं त्यातून जे समजायचं ते समजलं, आणि मोहिउद्दीनला निरोप गेला की या घराची पायरी पुन्हा चढू नकोस. मोहिउद्दीननं हू की चू केलं नाही. तीन महिन्यांनी दिगंबरची बातमी आली आणि आईच्या रागाचा दगड झाला. माझ्या लेकराचं जाता जाता हसं केलं, म्हणायची. सासूनं दागिन्यांसोबत हा रागही शोभाच्या ओटीत घातला. बाजाराला जाताना गॅरेज आलं की शोभाबाई रस्ता ओलांडून पलीकडून जात. पस्तीस वर्षं. नीळकंठराव सोबत असले की तेही रस्ता ओलांडत, आणि मिस्त्रीकडे बघत नसत.

आता हा मथाई काय बोलेल? दिगंबरनं त्याला काही सांगितलं असेल का? 'माझ्याच भावानं माझी टर उडवली' असं? आणि ते शोभानं ऐकलं तर? तिच्या नजरेत आपण दुसऱ्या नंबरचे आहोत, हे नीळकंठरावांनी कसंबसं पचवलं होतं. पण त्याहून खाली जायची त्यांची तयारी नव्हती.

त्यांनी बंदोबस्त चोख केला. साहेबांना नागपूरहून थेट विश्रामगृहावर उतरवलं. शोभाबाईंनी सकाळी उठून पातोडीची रस्साभाजी केली होती. दिगंबरला आवडायची, हे सासूकडून कळलेलं.

"साहेबांले जेवायले घरी आणा," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरनं तिखट बंद केलं त्यांले."

"मंग दूधभात वाढीन."

"दूधही बंद हाय."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि रश्शावर झाकण ठेवलं.

कार्यक्रम सकाळी अकराला. बंद पडलेल्या एका जिनिंगमधून शंभर खुर्च्या आणल्या होत्या. डिसेंबर म्हणजे कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबायचे दिवस, पण रस्ता मोकळा होता आणि म्हणून गर्दीही जमली होती. कामाविना उभे असलेले ड्रायव्हर, हमाल, शाळेची मुलं. व्यासपीठावर पुंडलिकराव, मथाईसाहेब आणि 'शहिदांचे बंधू'. शोभाबाई पुढच्या रांगेत. मोहिउद्दीनला आमंत्रण नव्हतं. तो आपल्याच दारात, पान्यांच्या पेटीवर बसून रस्त्यापलीकडून बघत होता. दाढी पांढरी झाली होती.

पाटीवरचा पडदा बाजूला झाला आणि मथाईसाहेब काठी टेकत माइकपाशी आले. उंच, वाळलेले, एक पाय ओढत चालणारे. मल्याळी वळणाच्या हिंदीत त्यांनी सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला म्हणाले, "आमच्या विमानात त्याला दिगंबर कोणी म्हणत नसे. सगळे त्याला क्लीनर म्हणत."

गर्दीत खसखस पिकली. नीळकंठरावांच्या पाठीवरून घामाची धार निघाली.

"सुट्टीवरून आला तो स्वतःच हे नाव घेऊन आला. मी विचारलं, किसने रखा? बोला, सर, मेरे गाँव के ट्रकवालों ने. आणि हसला."

गाँव के ट्रकवालों ने. नीळकंठरावांनी श्वास सोडला. सुटलो! दिगूनं नाव घेतलंच नव्हतं. पण सुटल्याचा आनंद जेमतेम दोन श्वास टिकला. मग आत काहीतरी टोचलं. नाव का घेतलं नाही त्यानं? भावाचं नाव घेण्याइतकंही ते मोठं वाटलं नाही त्याला?

साहेब पुढं सांगत होते. त्या दिवशी विमानाच्या पोटात लाकडी चौकटींवर बॉम्ब बांधलेले होते. मागचं दार उघडायचं आणि रोलरवरून एकेक चौकट बाहेर ढकलायची. लक्ष्यावर पोचले, ढकलाढकली सुरू झाली आणि खालून तोफांचा मारा आला. एक गोळा मागं फुटला. ढकलणारी दोन्ही माणसं जखमी होऊन पडली आणि शेवटची चौकट दारातच तिरपी होऊन अडकली. बॉम्ब दारात आणि दार उघडं, अशा विमानाला परत येऊन उतरता येत नाही. एका धक्क्यात सगळे संपतात.

"मी मुख्य वैमानिक. हातातलं सोडून मला उठता येत नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यानं पट्टे सोडले. मी ओरडलो, बैठ जाओ. तर म्हणाला..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणाला, सर, गाड़ी अटक गयी तो उतरने का काम क्लीनर का. ड्राइवर थोड़े ही उतरता है."

नीळकंठराव खुर्चीत ताठ झाले. हे वाक्य! हेसुद्धा त्यांचंच होतं. त्या दुपारी गॅरेजवर, ड्रायव्हरांचं हसणं थांबू नये म्हणून त्यांनी ते वर जोडून दिलं होतं, 'गाडी अडली का उतरायचं काम क्लीनरचं, ड्रायव्हर थोडाच उतरते.' शब्दाला शब्द. म्हणजे दिगूनं तेही ऐकलं होतं. कोणाकडून तरी पुरतं ऐकून, मनात ठेवून, वर घेऊन गेला होता.

"त्यानं पायानं ती चौकट ढकलून दिली. ती गेली. मग दुसरा गोळा फुटला." साहेबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. "माझ्या पायात तुकडे आले. त्याच्या छातीत. मी विमान परत आणलं. सात माणसं जिवंत उतरली. एवढंच सांगायला आलो होतो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागं उभ्या असलेल्या ड्रायव्हरांपैकी एका दांडग्या माणसानं गमछा तोंडाला लावला आणि मग त्याच्या शेजारचा क्लीनर पोरासारखा हमसून रडायला लागला. शोभाबाई हलल्या नाहीत. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

पुंडलिकराव मात्र पुढारी माणूस. हातची वेळ सोडतील तर शपथ. त्यांनी माइक घेतला. "बंधूंनो! हा शब्द कुठून गेला? आपल्या गावातून गेला! जुन्या लोकांले माहीत हाय, आपल्या मोहिउद्दीन मिस्त्रीनं गमतीनं देलता हा शब्द. ज्या शब्दानं सात जीव वाचवले, त्याचा मानकरी आज समोर बसून हाय. मिस्त्री, या वर! अरे, आणा त्याले!"

टाळ्यांचा पाऊस पडला. दोघातिघांनी मोहिउद्दीनला पेटीवरून उठवलं. तो "नाही, नाही, माहा काय संबंध" म्हणत होता, पण लोक ऐकतात थोडेच? त्याला रस्ता ओलांडून व्यासपीठाच्या पायऱ्यांशी आणलं. पुंडलिकरावांनी हार हातात घेतला. झेंडूचा, जाडजूड.

नीळकंठरावांनी तो हार पाहिला, टाळ्या पाहिल्या, आणि शोभा मिस्त्रीकडे बघते आहे हे पाहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा, सरळ, तोंड न फिरवता. दिगंबरनं बायको घेतली, नाक घेतलं, चौक घेतला, ते एक ठीक. पण आयुष्यात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच वाक्य, ज्याच्यावर माणूस मरायला उठला, तेही या मिस्त्रीच्या गळ्यात?

ते उठले. खुर्ची मागं पडली.

"तो शब्द माहा हाय!" माइकची गरजच पडली नाही. "यानं नाही देला. मी देलता! गॅरेजवर मी बोललो, ते उतरायचं वाक्यही माहंच. हा तं हसलाही नव्हता!"

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. पुंडलिकरावांचे हात हारासकट तसेच राहिले. आपण काय बोललो हे नीळकंठरावांना कळायला जरा वेळ लागला. ते कळलं तेव्हा त्यांनी पुढच्या रांगेकडे पाहिलं.

शोभाबाई उठल्या होत्या. व्यासपीठाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या पायऱ्यांपाशी, मोहिउद्दीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्रीभाऊ, पस्तीस वर्षं मी तुमच्या दारावरून तोंड फिरवून गेली. माही सासू तुमच्या नावानं बोटं मोडत मेली. काहून नाही बोलले तुम्ही?"

मोहिउद्दीननं टोपी काढली, पुन्हा घातली. "वहिनी, सुट्टी संपली त्या दिवशी दिगू दुकानात आलता. त्याले सारं मालूम होतं, कोण काय बोललं ते. चाहावाल्यानं सांगलतं. मले म्हणे, मोहि, आईचा राग आठ दिवसाचा असते. नीळूवर निघाला तं बिचारा घरात कसा राहीन? तुह्यावर निघू दे. पुढच्या सुट्टीत येतो न मी मिटवतो. तोवर चूप राहजो." त्यानं नव्या पाटीकडे पाहिलं. "पुढची सुट्टी आलीच नाही न, वहिनी. आता जबान वापस कोणाकडून घेऊ?"

शोभाबाईंनी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या ओढल्या. एक मोहिउद्दीनपुढं ठेवली. दुसरीवर स्वतः बसल्या, भर चौकात, गावासमोर.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून काय बोलले ते त्या दिवशी?"

"लय बोलला. अर्धं तं तुमच्याबद्दलच."

"सांगा न. सगळं सांगा. मले कोणीच काही सांगलं नाही."

मथाईसाहेबही काठी टेकत खाली उतरले आणि तिसरी खुर्ची ओढून बसले. पुंडलिकरावांनी हार टेबलावर ठेवला आणि कार्यक्रम संपल्याचं माइकवर सांगितलं. ते कोणी ऐकलं नाही.

नीळकंठराव वरच उभे होते. शब्द त्यांचा झाला होता, साऱ्या गावासमोर, पण तो घेऊन जायला जागा नव्हती. खाली शोभा हनुवटीखाली हात धरून ऐकत होती. दिगूच्या गोष्टी त्यांच्यापाशी मोहिउद्दीनहून कितीतरी जास्त होत्या. एका गोधडीत झोपलेल्या भावांच्या गोष्टी होत्या त्या. पोहायला कोणी शिकवलं, अंधाराला कोण भ्यायचं, आईची फुलदाणी कोणी फोडली आणि मार कोणी खाल्ला. शोभानं त्या कधी विचारल्या नव्हत्या, कारण त्यांनी तिला कधी विचारू दिल्या नव्हत्या.

ते एक पायरी उतरले. तेवढ्यात मोहिउद्दीन काहीतरी म्हणाला, आणि शोभा तोंडाला पदर लावून हसली. नीळकंठराव त्या पायरीवरच थांबले.